पाण्याची बाटली ७९३ रुपये: नाशिकरोडच्या एका कुटुंबाची मालदीव ट्रिप

मी नाशिकरोडला बिटकोजवळ टूरचं बुकिंग करून देतो. मोठं ऑफिस वगैरे काही नाही, एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. हे प्रकरण २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीतलं आहे, त्या घरच्यांना विचारून लिहितोय, नावं काढलीत आणि ओळखू येईल अशा एकदोन गोष्टी बदलल्यात. चूक कोणाची ते शोधायला लांब जावं लागणार नाही, बरीचशी माझीच आहे, म्हणूनच लिहायला बसलो.

पार्श्वभूमी

अण्णा नोट प्रेसमधून रिटायर झालेले. काकूंचा आणि त्यांचा लग्नाचा चाळिसावा वाढदिवस २७ ऑक्टोबरला येत होता. पोराने ठरवलं की या वेळी हॉटेलात हॉल घेऊन दोनशे लोकांना जेवण घालण्यापेक्षा घरचे सगळे मिळून बाहेर जाऊ. अण्णा, काकू, मुलगा, सून, त्यांची दोन पोरं (एक नऊ वर्षांचा, एक पाच वर्षांची), आणि लेक-जावई, असे आठ जण. अण्णांची एकच अट होती की पाण्यावरच्या खोलीत राहायचं, टीव्हीवर बघितलेली, खाली काच असते आणि मासे दिसतात तसली.

म्हणजे मालदीव. मुंबईहून सरळ विमान आहे, जेमतेम तीन तास, भारतीयांना उतरल्यावर व्हिसा फुकट मिळतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना बरं पडतं. २५ ते २९ ऑक्टोबर, चार रात्री, तीन खोल्या, स्पीडबोटीने पाऊण तासावरचा रिसॉर्ट. जेवणाचा प्लॅन हाफ बोर्ड, म्हणजे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण पॅकेजमध्ये, दुपारचं आणि पिण्याचं ज्याचं त्याने बघायचं.

हाफ बोर्ड मीच सुचवला होता. त्यामागे माझं एक ठरलेलं वाक्य आहे, गेली सात-आठ वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो, "नाश्ता दाबून करायचा, दुपारी काहीतरी हलकं खायचं, कशाला पूर्ण जेवणाचे पैसे भरता?" थायलंडला हे चालतं, बालीलाही चालतं, कारण तिथे हॉटेलच्या गेटबाहेर पडलं की दहा टपऱ्या असतात. मालदीवच्या रिसॉर्टला गेटच नाही. एक बेट, एक रिसॉर्ट, चारी बाजूंनी समुद्र. टपरी तर सोडाच, साधं बिस्किटाचं दुकान म्हणलं तरी ते रिसॉर्टचंच. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण माहीत असणं आणि समोरच्याला बसवून सांगणं यात फरक आहे, तो फरक या प्रकरणात चांगलाच महाग पडला.

कोटेशन मी जून २०२५ मध्ये दिलं. ते देताना फेब्रुवारी २०२४ ची जुनी फाइल उघडली, त्याच रिसॉर्टला तेव्हा एक जोडपं पाठवलं होतं. खोलीचा भाव नवा घेतला, विमानाचा नवा घेतला. आणि "बाकीचे अंदाजे खर्च" म्हणून खाली जे चार आकडे असतात ते तसेच राहू दिले. मेन्यूची पीडीएफसुद्धा तीच पाठवली. पहिला फाटा इथेच फुटला, पण तेव्हा कळलं नाही.

अडचण

शनिवारी २५ तारखेला पहाटेच्या आत टेम्पो ट्रॅव्हलर निघाली, इगतपुरीपासून समृद्धी लागली, कसारा घाट टळला, सगळे खुश. माले विमानतळावर पहिली ठेच जावईबापूंना लागली. त्यांनी मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधून एक बाटली घेतली होती, हिशोब असा की तिथे पेग महाग असतो तर आपलीच खोलीत घेऊ. मालदीवमध्ये बाहेरून दारू न्यायला बंदी आहे, ड्यूटी फ्रीचीसुद्धा चालत नाही. स्कॅनरमध्ये दिसली, कस्टमवाल्यांनी काढून घेतली, पावती दिली आणि परत जाताना घेऊन जा म्हणून सांगितलं. मी व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं हे, पण तो मेसेज चौदा ओळींचा होता आणि ही ओळ अकरावी होती.

रिसॉर्टवर पोहोचले तेव्हा दुपार झालेली. पोरं भुकेने रडकुंडीला आलेली. पूलजवळच्या रेस्टॉरंटमध्ये बसले आणि घरी बसतो तसंच मागवलं: दोन पिझ्झा, तीन ठिकाणी डाळ-भात, पोरांना दोन पास्ता, दोन फ्रेंच फ्राइज, चार पाण्याच्या बाटल्या, तीन ज्यूस. मेन्यूवरचे आकडे बघून सुनेने मनातल्या मनात बेरीज केली होती, २२७ डॉलर. जास्त आहे, पण पहिला दिवस आहे, चालतंय म्हणाली. बिल आलं २९२ डॉलर १५ सेंटचं.

मेन्यूच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती आणि किमतींच्या पुढे दोन अधिकची चिन्हं होती. त्याचा अर्थ असा की दहा टक्के सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि त्या सर्व्हिस चार्जसकट जी रक्कम होईल तिच्यावर टूरिझमचा जीएसटी वेगळा. तो आता १७ टक्के आहे. सगळे २७ धरतात, पण दहाच्या वर सतरा लागतात म्हणून प्रत्यक्षात २८.७ टक्के होतात. दहा डॉलरची वस्तू १२ डॉलर ८७ सेंटला पडते.

डॉलर तेव्हा ८८ च्या आसपास होता. २९२ डॉलर म्हणजे २५ हजार ७०० रुपये, दुपारच्या एका जेवणाचे. अण्णांनी ते बिल हातात घेतलं, चष्मा वर केला आणि पोराला म्हणाले, "जन्मभर नोटा छापल्या रे मी, पण एका डाळ-भाताला एवढ्या लागतात हे काय कोणी सांगितलं नव्हतं."

त्यात आणखी एक झालं. बिलावर सही करायच्या वर टिपची रिकामी ओळ होती, जावईबापूंना वाटलं ती भरावीच लागते, त्यांनी १५ डॉलर लिहून टाकले. दहा टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लागलेला होता. ती ओळ रिकामी सोडली तरी कोणी काही म्हणत नाही.

रात्रीचं जेवण पॅकेजमध्ये होतं, पण हाफ बोर्डात पिण्याचं काहीच नाही, पाणीसुद्धा नाही. तीन पाणी, चार कोल्ड्रिंक, दोन बिअर, झाले ८६ डॉलर. पहिल्याच दिवशी वरचा खर्च ३९३ डॉलरवर गेला. आमच्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते तेव्हा मुलाचा फोन आला. आवाज शांत होता, पण "तू दिलेल्या कागदावर पाण्याची बाटली पाच डॉलर आहे, इथे सात आहे" हे तो तीनदा बोलला.

भाव एवढे का वाढले

फोन ठेवल्यावर मी जुनी फाइल आणि त्याने पाठवलेले मेन्यूचे फोटो शेजारी ठेवून बसलो. एकाच वस्तूवरून सगळं समजतं, साधा मार्गेरिटा पिझ्झा घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये मेन्यूवर १९ डॉलर. तेव्हा टूरिझमचा जीएसटी १६ टक्के होता, म्हणजे सगळं मिळून २४ डॉलर २४ सेंट, आणि डॉलर ८३ चा, म्हणजे साधारण २,०१२ रुपये. ऑक्टोबर २०२५ ला मेन्यूवर २४ डॉलर, टॅक्स धरून ३० डॉलर ८९ सेंट, डॉलर ८८ चा, म्हणजे २,७१८ रुपये. मेन्यूवर बघितलं तर २६ टक्के वाढ दिसते, आपल्या खिशातून मात्र ३५ टक्के जास्त जातात. मधला फरक थोडा टॅक्सने खाल्ला आणि जास्त रुपयाने खाल्ला. रिसॉर्टवाल्याला शिव्या घालताना लोक हे विसरतात की त्या ३५ मधले जवळजवळ आठ टक्के रुपया पडला म्हणून आहेत, त्याचा त्या बिचाऱ्या वेटरशी काही संबंध नाही.

टॅक्सचं सांगायचं तर हा टूरिझमचा जीएसटी १ जानेवारी २०२३ ला १२ वरून १६ झाला आणि १ जुलै २०२५ ला १६ वरून १७. ग्रीन टॅक्स वेगळाच, तो जेवणावर नाही, माणशी एका रात्रीला असतो. रिसॉर्टवर ६ डॉलर होता, १ जानेवारी २०२५ पासून १२ झाला. माझ्या कोटेशनमध्ये "ग्रीन टॅक्स रिसॉर्टवर भरावा, ६ डॉलर" असं छापलेलं. आठ माणसं, चार रात्री, १९२ च्या जागी ३८४ डॉलर. हा फरक बाजाराने भाव वाढवल्याचा नाहीच, माझ्या आळसाचा आहे.

आता मुळात तिथे अन्न महाग का, तर त्या बेटांवर पिकतं फार थोडं. मासे आणि नारळ सोडले तर जवळपास सगळं जहाजाने मालेला येतं, तिथून बोटीने त्या त्या रिसॉर्टला. वीज बहुतेक डिझेलच्या जनरेटरवर, पिण्याचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून. आणि आपल्या नाशिककरांना माहीत असावी अशी एक गंमत सांगतो, २०२४-२५ साठी भारताने मालदीवला जो जीवनावश्यक मालाचा कोटा मंजूर केला त्यात कांदा ३५,७४९ टन होता. हे जाहीर झालं एप्रिल २०२४ मध्ये, जेव्हा इथे निर्यातबंदी चालू होती आणि लासलगावला शेतकरी भावासाठी बोंबलत होते. म्हणजे अण्णांच्या डाळीला तिथे जी कांद्याची फोडणी पडली तो कांदा आपल्याकडूनच गेलेला असण्याची बरीच शक्यता, आणि त्या डाळ-भाताचे २२ डॉलर अधिक टॅक्स.

कारणं खरी आहेत. पण सात डॉलरची पाण्याची बाटली फक्त जहाजभाड्याने होत नाही. समोर दुसरं दुकान नाही, गिऱ्हाईक पोहून जाऊ शकत नाही, हे भाव लावणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

पर्याय काय होते

त्या रात्री आम्ही दोघांनी फोनवर जे जे मांडलं ते लिहितो. रिसॉर्टच्या रिसेप्शनवरून मुलाने भाव काढून आणले होते आणि मी इकडे कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो.

एक तर आहे तसंच चालू ठेवायचं. उरलेले तीन दिवस रोज २९२ चं जेवण आणि रात्रीचं ८६ चं पिणं, म्हणजे १,१३४ डॉलर, यात संध्याकाळचा चहा आणि पोरांचं आइसक्रीम धरलेलंच नाही.

दुसरं, फुल बोर्ड करून घ्यायचं, म्हणजे दुपारचं जेवणही प्लॅनमध्ये. तिथे जाऊन प्लॅन बदलायचा तर मोठ्या माणसाला दिवसाला ५५ डॉलर टॅक्ससकट, पोरांना निम्मे. सहा मोठे दोन छोटे, दिवसाचे ३८५, तीन दिवसांचे १,१५५. म्हणजे पहिल्या पर्यायाच्या बरोबरीतच. जेवणाबरोबरचं पाणी त्यात होतं, बिअर नव्हती. मला वाटत होतं की हे स्वस्त पडेल, मी तोंडातून "करून टाका" काढणारच होतो, बरं झालं आधी गुणाकार केला.

तिसरं, ऑल इन्क्लुझिव्ह, म्हणजे खाणं-पिणं सगळं, दारूसकट. दिवसाला माणशी १२० डॉलर जास्तीचे, पोरांना ६०, आणि नियम असा की खोलीतल्या एकाने घेतलं की त्या खोलीतल्या सगळ्यांनी घ्यायचं आणि राहिलेले सगळे दिवस घ्यायचं. तीन दिवसांचे २,५२० डॉलर, म्हणजे जवळजवळ २ लाख २२ हजार. आठ जणांत पिणारे दोन, तेही दिवसाला एखादी बिअर. काकूंच्या नावाने दारूचे पैसे भरायचे हे ऐकून काकू फोनमध्ये मागून बोलल्याच, "मग मी पण पिऊन बघते."

चौथा पर्याय जावईबापूंचा होता, की जवळच्या वस्तीच्या बेटावर बोटीने जाऊन दुपारचं जेवून यायचं. तिथे साध्या हॉटेलात स्वस्त जेवण मिळतं हे खरं आहे. पण रिसॉर्टची बोट माणशी ४५ डॉलर, आठ जणांचे ३६०. फिरायला म्हणून जायचं तर जा, वाचवायला म्हणून नको.

आणि पाचवा, हाफ बोर्डच ठेवायचं पण जेवायची पद्धत बदलायची. नाश्ता साडेदहापर्यंत असतो तर सगळ्यांनी साडेनऊला जायचं आणि तेच मुख्य जेवण धरायचं, दुपारी चारला दोन-तीन पदार्थ मागवून वाटून खायचे, मधल्या वेळेला घरून नेलेलं. काकूंच्या बॅगेत दोन डबे दशम्या, चिवडा, शेंगदाण्याचे आणि राजगिऱ्याचे लाडू होते. खोलीत चहाची किटली होतीच.

काय केलं

पाचवा धरला. पण खरी सुटका दुसऱ्या दिवशी सकाळी झाली आणि ती कोणी ठरवून केली नव्हती.

तिन्ही खोल्यांत टेबलावर काचेच्या दोन-दोन बाटल्या ठेवलेल्या होत्या, वर रिसॉर्टचा छाप, गळ्यात कागदाचा गोल टॅग. शेजारी मिनीबार. काकूंना मिनीबारचं मुलाने आधीच सांगून ठेवलं होतं की त्यातल्या कशाला हात लावायचा नाही, लावला की बिल. त्यामुळे काकूंनी त्या बाटल्याही त्यातल्याच समजून त्यांच्यावर चक्क नॅपकिन झाकून ठेवला आणि नातवंडांना दम दिला की इकडे फिरकायचं नाही. रविवारी सकाळी खोली झाडायला आलेल्या पोराने, बांगलादेशी होता तो, नॅपकिन उचलला, बाटल्या भरलेल्याच बघून चक्रावला आणि विचारलं, "अम्मा, पानी नहीं पीते क्या? ये तो फ्री है."

ते पाणी फुकट होतं. दिवसातून दोनदा भरून मिळायचं, मागितलं तर आणखी. टॅगवर तसं लिहिलेलं होतं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. आदल्या दिवशी यांनी सात बाटल्या पाणी विकत घेतलं होतं, एकेक ९ डॉलरला, ७९३ रुपयाला, आणि खोलीत सहा बाटल्या नॅपकिनखाली. मी स्वतः तीनदा मालदीवला जाऊन आलोय, असं पाणी बऱ्याच रिसॉर्टला असतं हे मला माहीत आहे. सांगायचं सुचलं नाही कारण मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही.

सोमवारी काकूंचा उपास आणि त्याच दिवशी लग्नाचा वाढदिवस. उपासाला तिथे काय मिळणार म्हणून त्या लाडू आणि नाश्त्यातली केळी यावर दिवस काढणार होत्या. मुलगा बुफेच्या शेफशी बोलला, शेफ गढवालचा निघाला, त्याने उकडलेले बटाटे, जिरं, मिरची आणि शेंगदाणे घालून प्लेटभर भाजी करून दिली आणि पैसे लावले नाहीत. एक शहाळं मात्र मागवलं, ९ डॉलर अधिक टॅक्स. काकूंनी ते अर्धा तास पुरवून प्यायलं.

संध्याकाळी केक. इथे परत माझी चूक. लग्नाचा वाढदिवस असेल आणि बुकिंगच्या वेळी कळवलं असेल तर बरेच रिसॉर्ट केक स्वतःहून देतात. मी रिसॉर्टला पाठवलेल्या मेलमध्ये हे लिहिलंच नव्हतं, कारण माझ्या डोक्यात ती "फॅमिली ट्रिप" होती. ३८ डॉलरचा केक घ्यावा लागला, टॅक्स धरून ४९.

निघताना बिल भरताना कार्डाच्या मशिनवर विचारलं की रुपयात घेऊ की डॉलरमध्ये. रुपये बघितलं की आपल्याला आपुलकी वाटते, पण तिथे रुपये दाबले की मशिनवाला स्वतःच्या भावाने डॉलर लावतो. मुलाने डॉलर दाबलं. ही एक गोष्ट मी नीट सांगितली होती आणि त्याने ऐकलीही होती, तेवढंच समाधान.

निकाल

उरलेल्या तीन दिवसांचं खाणं-पिणं मिळून ४११ डॉलर झालं, केक, शहाळं, बिअर, पोरांचं आइसक्रीम सगळं धरून. पहिल्या दिवसाचे ३९३ मिळवले की ८०४, म्हणजे ७० हजार ७५० रुपये. वर बँकेचं परदेशी खर्चाचं साडेतीन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, ते जवळजवळ तीन हजार. पहिल्या दिवसासारखंच चार दिवस चाललं असतं तर दीड हजार डॉलरच्या पुढे गेलं असतं.

ग्रीन टॅक्सचा १९२ डॉलरचा फरक, १६ हजार ९०० रुपये, मी माझ्या कमिशनमधून दिला. मुलगा नको म्हणत होता. पण छापील कागद माझा होता, त्यावर आकडा माझा होता. जेवणाच्या वाढीव भावाचे पैसे मात्र मी दिले नाहीत आणि त्यांनी मागितलेही नाहीत. पीडीएफच्या खाली "भाव बदलू शकतात" असं होतं म्हणून नव्हे, ती पळवाट झाली, तर त्यांनी जे खाल्लं ते खाल्लं. यावर माझ्या बायकोचं मत वेगळं आहे, तिच्या मते पाण्याचे तरी द्यायला हवे होते.

पैशाच्या बाजूने बघितलं तर शेवट बरा झाला. पण दिवाळीनंतर सूनबाई पेढे द्यायला आल्या तेव्हा एक गोष्ट सांगून गेल्या. रविवारपासून पाच वर्षांची पोर प्रत्येक गोष्टीला हात लावायच्या आधी आईकडे बघून विचारायची, "हे फुकट आहे का?" बुफेतला जेलीचा कप घेताना विचारलं. बीचवरच्या खुर्चीवर बसताना विचारलं. काचेतून खाली मासे दिसले तेव्हाही विचारलं, हे बघायला पैसे आहेत का. "दादा, आमचे पैसे वाचले, पण ती चार दिवस भीतभीत वागली," असं त्या म्हणाल्या, आणि मला त्यावर काही बोलता आलं नाही.

परत करायचं तर

हाफ बोर्ड चुकीचा होता का? मी जूनमध्ये फुल बोर्डचा भाव विचारला असता तर तेव्हा तो स्वस्त होता, मोठ्यांना ३८ डॉलर, पोरांना १९. हे नंतर मेल चाळताना सापडलं. आठ जणांचे दिवसाचे २६६, चार दिवसांचे १,०६४, बिअर वेगळी. प्रत्यक्षात ८०४ गेले. म्हणजे कागदावर हाफ बोर्डच स्वस्त पडला. पण तो स्वस्त पडला तो सगळ्यांनी हिशोब करत खाल्लं म्हणून. तो २६० डॉलरचा फरक, २२-२३ हजार, आणि त्या पोरीचा प्रश्न. सहा लाखांच्या पॅकेजमध्ये हे पैसे जूनमध्येच धरले असते तर कोणाला जाणवलेही नसते. तेच पैसे तिथे बेटावर, भुकेल्या पोरांसमोर, डॉलरमध्ये समोर येतात तेव्हा टोचतात. जोडपं असेल, दोघं समजूतदार असतील, तर मी आजही हाफ बोर्डच सांगेन. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर नाही सांगणार.

दुसरा एक रस्ता होता जो आम्ही बोललोच नाही: दोन रात्री माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्ट हाऊसमध्ये आणि दोन रात्री रिसॉर्टवर. वस्तीच्या बेटावर छोट्या गेस्ट हाऊसला ग्रीन टॅक्स ६ डॉलरच आहे, बाहेर पडलं की कॅफे आहेत, किराणा दुकान आहे, पाण्याची बाटली माणसांच्या भावात मिळते. दारू नाही, पण या घरात आठांतल्या सहांना त्याने काही फरक पडत नव्हता. अण्णांना काचेखालचे मासे दोन रात्री दिसले असते, चारऐवजी. मी विचारलं नंतर. अण्णा म्हणाले, "दोन रात्रींत पण दिसले असते रे, मी दुसऱ्या दिवसापासून बघितलेच नाहीत, बिलच बघत होतो."

माझ्या कोटेशनच्या कागदावर आता खोलीच्या भावाच्या खालीच चार ओळी आहेत: पाण्याची बाटली, डाळ-भात, पोरांचा पास्ता, बिअर. सगळं टॅक्ससकट, रुपयात, आणि मेन्यू कोणत्या तारखेचा आहे ते. मेन्यू मी निघायच्या आधी पंधरा दिवस परत मागवतो. खोलीत फुकट पाणी आहे का हे रिसॉर्टला लेखी विचारतो, हसतात ते, हसू देत. हे कागद दाखवल्यावर डिसेंबरमध्ये दोन गिऱ्हाइकं उठून गेली. एकाने नंतर दुसरीकडून तेच रिसॉर्ट बुक केलं, तिथल्या कागदावर पाण्याची ओळ नव्हती.

बाटलीचं राहिलंच. जावईबापूंनी परत येताना माले विमानतळावर पावती दाखवून ती घेतली आणि नाशिकरोडपर्यंत आणली.

३० तारखेला सकाळी अण्णांनी सगळ्यांना मिसळ खायला नेलं. मी पण होतो. पोरीच्या ताटलीत मटकी आणि फरसाण, वेटरने बादलीतून रस्सा ओतला आणि पुढच्या टेबलाकडे वळला. तिने चमचा हातात धरून आजोबांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, हे फुकट आहे का. अण्णांनी वेटरला हाक मारली, "इकडे अजून वाढ रे," आणि तिला म्हणाले, "रस्सा फुकट असतो इथे. घे कितीही."